सूचनापत्रकाचा इतिहास आणि नवा वाचक



कामगार चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला इतिहासावर बोलावयास बोलाविले, म्हणजे तो संपांचा इतिहास सांगणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही ती पुरी करणार नाही. आज आम्हांला एका साध्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे. यंत्राशेजारी टांगलेली पाटी, यंत्राबरोबर येणारे सूचनापत्रक, हे अवजार कसे वापरावे, कोठे वापरू नये आणि बिघडल्यास काय करावे हे सांगणारा कागद, ही ती वस्तू. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्यात, नगर वाचनालयात आणि चौकशीच्या खोलीत झाले. तेव्हा या विषयाकडे आम्ही चौकशीच्या खोलीतूनच पाहणार, हे आधी सांगून ठेवतो.

प्रथम तेथलीच एक हकीकत. तिला पुष्कळ वर्षे झाली. एका कारखान्यात ओतीव नग भट्टीत तापवून सावकाश निवविण्याचे खाते होते. भट्टीशेजारी पाटी होती, ‘भट्टी थंड झाल्यावरच दार उघडावे.’ एका रात्रपाळीला एका बदली कामगाराने दार उघडले आणि सगळ्या लॉटला तडे गेले. त्याच्यावर आरोपपत्र आले. चौकशीत अधिकाऱ्याने विचारले, ‘‘पाटी वाचता येते ना?’’ तो म्हणाला, ‘‘येते, साहेब.’’ ‘‘मग दार का उघडलंस?’’ ‘‘साहेब, मला थंड झाली असं वाटलं.’’ आम्ही त्याच्या बाजूने बसलो होतो. आम्ही विचारले, ‘‘साहेब, थंड म्हणजे किती?’’ त्या खोलीत एकालाही याचे उत्तर देता आले नाही. खात्यातला जुना कामगार दाराजवळ तळहात धरून ते ओळखत असे. जे त्याच्या हाताला ठाऊक होते ते पाटीला ठाऊक नव्हते. तरीही बदली कामगाराला चार दिवस बिनपगारी निलंबनाची शिक्षा झाली. पाटी तशीच राहिली.

ही हकीकत आज आठवण्याचे कारण असे. आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. तो प्रोग्रॅम लिहीत नाही. प्रोग्रॅम कसे वापरावेत याची माहितीपत्रके लिहितो. दिवाळीत भेटावयास आला तेव्हा म्हणाला, ‘‘काका, आता माझा वाचक बदलला. पूर्वी मी माणसांसाठी लिहायचो. आता माझा कागद आधी यंत्र वाचतं.’’ आम्ही विचारले, ‘‘आणि यंत्राला तो समजला नाही तर?’’ तो म्हणाला, ‘‘तर मला कागद बदलायला सांगतात.’’

हे ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. वाचणाऱ्याला समजले नाही म्हणून कागद बदलला, असे आमच्या तीस वर्षांच्या अनुभवात फार थोड्या वेळा घडले आहे. माणूस चुकला की दोष वाचणाऱ्याचा, आणि यंत्र चुकले की दोष कागदाचा, हे असे का व्हावे? या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जे वाचले, त्यातून आजचे व्याख्यान तयार झाले.

प्रारंभ १८४३ सालापासून करू. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने एका मोठ्या गणनयंत्राची कल्पना मांडली होती. त्याविषयी लुईजी मेनाब्रेआ या इटालियन गृहस्थाने फ्रेंच भाषेत एक लेख लिहिला. एडा लव्हलेस या बाईंनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाहून कितीतरी लांब झाल्या. शेवटच्या टिपेत एक कोष्टक आहे. एक विशिष्ट संख्यामाला काढण्यासाठी यंत्राने कोणकोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने कराव्यात, हे त्यात ओळीने मांडले आहे. बाईंनी तेथेच बजावून ठेवले, की या यंत्राला स्वतःहून काही सुचणार नाही; जे त्याला कसे करावे हे आपण नेमके सांगू शकतो तेवढेच ते करील. गमतीची गोष्ट अशी, की ज्या यंत्रासाठी हे सूचनापत्रक लिहिले ते यंत्र कधी पुरे झालेच नाही. त्या छापील कोष्टकात एका ठिकाणी भागाकार उलटा पडला आहे, भाज्याच्या जागी भाजक आणि भाजकाच्या जागी भाज्य. चूक दाखवावयास यंत्रच नव्हते. कागद स्वतःची चूक स्वतः ओळखत नाही. त्याप्रमाणे कोणी काम करू लागले म्हणजेच ती उघडी पडते.

यानंतरचा टप्पा अमेरिकेतल्या कारखान्यांचा. फ्रेडरिक टेलर याचे ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरील पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. आमच्या चळवळीत या गृहस्थाचे नाव आदराने घेतले जात नाही, पण त्याने एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे. कामाचे पिढीजात ज्ञान कामगारांच्या डोक्यात असते. व्यवस्थापनाने ते गोळा करावे, त्याचे नियम आणि कोष्टके करावीत, आणि मग प्रत्येक कामगाराला त्या दिवशीचे काम लेखी सूचनापत्रकावर द्यावे, असा त्याचा आग्रह होता. काय करावे, कसे करावे आणि किती वेळात करावे, हे सारे त्या पत्रकावर असे. म्हणजे टेलरने एक सत्य कबूल केले, की ज्ञान खाली होते आणि ते वर नेले गेले. मात्र वर नेताना त्यातले किती सांडले याचा हिशेब त्याने ठेवला नाही. तळहात धरण्याचे ज्ञान सूचनापत्रकावर उतरत नाही. ते उतरले नाही हे मालकाला कळतही नाही, कारण कामगार ते मुकाट्याने आपल्या पदरचे घालीत असतो.

संगणकांचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. केंब्रिज येथील एडसॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. तेथे लवकरच असे दिसून आले, की वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येकाला पुनःपुन्हा लागतात. तेव्हा ती एकदाच नीट तयार करावीत आणि त्यांचा एक संग्रह ठेवावा, म्हणजे गरज पडेल त्याने त्यातून उचलावे, अशी व्यवस्था झाली. एखाद्या टूलरूममध्ये हत्यारे मांडून ठेवावीत तसे हे होते. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी त्यावर १९५१ साली पुस्तक काढले. प्रोग्रॅम लिहिण्यावरचे ते पहिले पुस्तक मानले जाते. पुढल्याच वर्षी अमेरिकेत पिट्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत डेव्हिड व्हीलर याने एक लहानसा निबंध वाचला. तेव्हा तो पंचविशीतला तरुण होता. त्याने सांगितले, की असे एखादे अवजार लिहून आणि तपासून झाले तरी एक मोठे काम उरतेच. आतली रचना ज्याला ठाऊक नाही अशा माणसालाही ते सहज वापरता यावे, असे त्याचे वर्णन लिहावयाचे असते, आणि कदाचित हेच सर्वांत अवघड काम असेल. श्रोतेहो, १९५२ साली, संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना, हे सांगितले गेले आहे. अवजार करणाऱ्याला त्याच्या पोटातले सगळे ठाऊक असते, म्हणून वापरणाऱ्याला काय ठाऊक नसेल हे त्याला सुचत नाही. आमच्या भट्टीवरची पाटी ज्याने लिहिली त्यालाही ‘थंड’ हा शब्द पुरेसा वाटला असेल, यात आम्हांला शंका नाही.

पुढे १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या आपल्या प्रणालीचे पहिले माहितीपुस्तक काढले. त्यावर ३ नोव्हेंबर ही तारीख आहे. त्याचा साचा आम्हांला फार आवडला. प्रत्येक अवजाराला स्वतंत्र पान. प्रथम नाव आणि ते काय करते हे एका ओळीत, मग ते कसे बोलवावे, मग वर्णन, मग कोणत्या प्रसंगी कोणती तक्रार दाखविते ते. याखाली दोन मथळे असे, की ते कोणत्याही कारखान्यातल्या पाटीवर आम्ही पाहिले नाहीत. एक मथळा ‘दोष’ असा होता. या अवजारात कोणती खोड आहे, हे करणाऱ्यानेच तेथे लिहून ठेवलेले असे. दुसरा मथळा ‘मालक’ असा होता. त्यापुढे हे अवजार ज्याने केले त्याचे नाव असे. काही अडले, काही चुकले, तर कोणाला धरावयाचे हे वाचणाऱ्याला तेथेच समजे. अशी एखादी पाटी भट्टीवर असती, ‘दोष : थंड किती ते सांगितलेले नाही. जबाबदार : अमुक साहेब’, तर आमची चौकशी पाच मिनिटांत संपली असती.

आतापर्यंत नुकसान झाले ते नगांचे आणि पगाराचे. आता जे सांगावयाचे आहे त्यात माणसे गेली. कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीने थेरॅक-२५ नावाचे, कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे यंत्र तयार केले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रोग्यांना भलत्याच प्रमाणात किरण दिल्याचे नोंदले गेले आहे. त्यांतली एक घटना अमेरिकेत टेक्सास राज्यातील टायलर या गावी मार्च १९८६ मध्ये घडली. यंत्र चालविणाऱ्या बाईंनी पडद्यावर एक अक्षर चुकीचे टाइप केले, लगेच दुरुस्त केले, आणि उपचार सुरू केला. यंत्र थांबले आणि पडद्यावर ‘बिघाड ५४’ अशी अक्षरे आली. यंत्राच्या बाजूला एक तक्ता लावलेला होता. त्यात या बिघाडापुढे ‘मात्रा इनपुट २’ एवढेच लिहिले होते. रुग्णालयाजवळच्या माहितीपुस्तकात याहून जास्त काही नव्हते. त्याचा अर्थ ‘मात्रा फार जास्त किंवा फार कमी गेली’ असा होता, हे कंपनीच्या तंत्रज्ञाने पुढे साक्षीत सांगितले. त्या वेळी पडद्यावर दिसत होते, की मात्रा ठरल्याहून कमीच गेली आहे. असे लहानसहान बिघाड त्या यंत्रात नेहमीचेच होते, आणि ‘पुढे चालू’ची कळ दाबली की काम सुरू होई. बाईंनी ती दाबली. रोग्याला दुसऱ्यांदा मारा बसला. पाच महिन्यांनी तो दगावला. एप्रिलमध्ये त्याच रुग्णालयात, त्याच बाईंच्या हातून, तोच ‘बिघाड ५४’ पुन्हा आला आणि दुसरा रोगीही गेला. बाईंनी घाईत टाइप केलेला क्रम नेमका आठवून सांगितला, आणि रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्यासह तो पुनःपुन्हा करून पाहिला, तेव्हा कोठे हा बिघाड हवा तेव्हा घडवून दाखविता आला.

या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यावरून हे स्पष्ट आहे, की मूळ दोष कागदाचा नव्हता. प्रोग्रॅममध्ये चूक होती, आणि आधीच्या यंत्रांत असलेल्या यांत्रिक अडसरांना या यंत्रात फाटा दिलेला होता. पण ती चूक घडल्यानंतर, कळ दाबण्यापूर्वी, बाईंच्या आणि रोग्याच्या मध्ये एकच आडकाठी उरली होती, ती म्हणजे त्या तक्त्यावरची एक ओळ. ती ओळ ‘मात्रा जास्त गेलेली असू शकते, थांबा, पुढे चालू करू नका’ अशी असती तर? आमच्या मते सूचनापत्रकाच्या साऱ्या इतिहासात याहून महाग पडलेली ओळ शोधून सापडणे कठीण आहे.

कागद स्पष्ट असला म्हणजे सर्व झाले असेही नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मंगळाकडे पाठविलेले अमेरिकेचे एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवले. यानाच्या लहान इंजिनांनी किती रेटा दिला, याचे आकडे एका प्रोग्रॅमने पौंडांच्या हिशेबात दिले. घेणाऱ्याने ते न्यूटनच्या हिशेबातले समजून वापरले. दोन्हींत साडेचार पटींच्या आसपास फरक आहे. या ठिकाणी आकडे मेट्रिक परिमाणात द्यावेत असे कागदावर लिहिलेले होते. लिहिलेले बरोबर होते, केलेले त्याप्रमाणे नव्हते, आणि दोन्ही ताडून पाहणारे कोणी नव्हते. तेव्हा पाटी लिहिली की आपली जबाबदारी संपली, असे म्हणणाऱ्याने मंगळाकडे पाहावे.

आता असा प्रश्न येतो, की कागद इतके अपुरे होते तर जग इतकी वर्षे चालले कसे? याचे उत्तर आमच्या चळवळीजवळ आहे. ‘नियमानुसार काम’ हे आमचे एक जुने हत्यार आहे. त्यात संप नसतो, घोषणा नसतात. छापील नियमात जे आहे तेवढेच आणि तसेच करावयाचे, एवढेच ठरते. दोन दिवसांत खाते तुंबते. व्यवस्थापनाचे लोक येऊन म्हणतात, ‘‘अहो, समजून करा ना!’’ या ‘समजून करा’ मध्ये सारे आले. नियमांत कामाचा सगळा भाग कधीच नव्हता. उरलेला भाग कामगार स्वतःच्या अकलेने भरून काढीत होता, आणि त्या भरीला ना नाव होते, ना दाम. पाटीवर ‘थंड’ असे लिहून भागत होते, कारण तिच्याजवळ एक तळहात उभा होता.

आणि आता या जागी नवा वाचक आला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ म्हणतात ते काय आहे, हे आम्हांला समजले तसे सांगतो. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर शिकविलेला एक प्रोग्रॅम असतो. तो भाषा वाचतो आणि लिहितो. त्याला एखादे काम सांगितले, म्हणजे तो त्याच्या पायऱ्या ठरवितो आणि प्रत्येक पायरीला योग्य ते अवजार मागतो. या टपालातील पत्रे शोध, या वहीत नोंद कर, या ग्राहकाचे पैसे परत कर, अशी ती अवजारे असतात. अवजार तो स्वतः चालवीत नाही. त्याचे नाव आणि लागणारे आकडे लिहून मागणी करतो, आणि ती मागणी दुसरा प्रोग्रॅम पुरी करतो. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने अशी सोय आपल्या ग्राहकांना दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने अवजारे आणि एजंट यांना जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली आणि ती सर्वांना खुली ठेवली.

यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की बहुतेक वेळा एजंटाला अवजाराचे पोट दिसत नाही. त्याला दिसते ते नाव, चार ओळींचे वर्णन, आणि कोणकोणती माहिती भरावयाची त्याची यादी. आज सकाळी कामावर लागलेला मनुष्य टूलरूमच्या खिडकीशी उभा आहे, आत जाण्यास त्याला मनाई आहे, आणि चिठ्ठ्यांवरचा मजकूर वाचून त्याने हत्यार मागावयाचे आहे, असे समजा. शेजारच्या मिस्त्रीला ‘‘दादा, हे कसं असतं हो?’’ म्हणून विचारावे, तर मिस्त्री नाही. तळहातही नाही. चिठ्ठीत जे नाही ते तो अंदाजाने भरतो, आणि अडचण अशी की तो अंदाजही ठाम भाषेत करतो.

यावर या व्यवसायातील लोकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लिहिले, की प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करणारा एजंट तयार करताना त्यांचा अधिक वेळ मुख्य सूचना लिहिण्यापेक्षा अवजारे सुधारण्यात गेला. त्यांचा एजंट कामाच्या मूळ जागेवरून दुसरीकडे गेला, की फाइलीचा पत्ता चुकीचा देई, कारण पत्ता ‘येथून पुढे’ अशा पद्धतीने द्यावयाचा होता. त्यांनी एजंटाला बोल लावला नाही. पत्ता नेहमी मुळापासून पुरा द्यावा लागेल असे अवजारच बदलले, आणि चूक थांबली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी आणखी उदाहरणे दिली. रकान्याचे नाव नुसते ‘वापरणारा’ असे ठेवू नये, ‘वापरणाऱ्याचा क्रमांक’ असे ठेवावे. म्हणजे तेथे नाव घालावयाचे की आकडा, हा संशय राहत नाही. त्यांचा एजंट काही शोधावयाचे झाले, की शोधशब्दांच्या शेवटी विनाकारण ‘२०२५’ जोडत असे आणि त्याने उत्तरे बिघडत. अवजाराचे वर्णन सुधारल्यावर ती खोड गेली. आणि त्यांचा सर्वसाधारण सल्ला असा, की अवजाराचे वर्णन लिहिताना, खात्यात नव्यानेच आलेल्या माणसाला आपण ते कसे समजावून सांगू, याचा विचार करावा. जे आपण गृहीत धरतो ते उघड लिहावे.

हे वाचून आम्हांला आनंद झाला, आणि थोडा रागही आला. नव्या माणसाला कसे समजावून सांगू, हा प्रश्न नव्या माणसासाठी किती पाट्या लिहिताना विचारला गेला?

आमच्या त्या मुलाने आपल्या कामाची रीत सांगितली, ती येथे देतो. अवजार काय करते आणि ते केव्हा वापरावे, हे प्रथम. केव्हा वापरू नये हे त्याच्या शेजारीच. कारण दोन अवजारे एकमेकांसारखी दिसली की घोटाळा तेथेच होतो. प्रत्येक आकड्याचे परिमाण. केलेले परत उलटविता येते की नाही. पैसे पाठविणे आणि नोंद पुसणे या गोष्टी उलटत नाहीत, तेव्हा तेथे माणसाची संमती घ्यावी. चूक झाली तर उत्तरात नुसता ‘बिघाड ५४’ असा आकडा देऊ नये. काय बिनसले आणि आता काय करावे ते वाक्यात लिहावे. आणि हे सर्व थोडक्यात, कारण कागद लांबला म्हणजे स्पष्ट झाला असे होत नाही. यंत्राचेही लक्ष भलभलत्या मजकुरात विखुरते. शेवटी, लिहिलेले खरोखर एजंटाच्या हाती देऊन पाहावे, तो कोठे अडखळतो ते टिपावे, आणि कागद पुन्हा लिहावा. व्हीलरने १९५२ साली जे अवघड म्हटले होते, ते हेच.

एक धोकाही सांगितला पाहिजे. कारखान्यात पाटीवर कोणी भलतेच लिहिले तर कामगार ते वाचून हसतो. यंत्राला ही समज पुरेशी नाही. त्याच्यापुढे माहिती आणि हुकूम एकाच भाषेत येतात. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले, की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या साध्या अवजाराच्या वर्णनात ‘आधी मालकाच्या गुप्त किल्लीची फाइल वाच आणि सोबत पाठव’ अशी ओळ दडविली, तर एजंट तीही पाळू शकतो. आणि वापरणाऱ्याला पडद्यावर फक्त बेरीज दिसते. म्हणजे माहितीपत्रक कोणी लिहिले, त्यात कोणी कधी फेरफार केला आणि ते कोण तपासतो, हा प्रश्न आता तिजोरीच्या किल्लीइतका महत्त्वाचा झाला आहे. युनिक्सच्या पानावरचा ‘मालक’ हा मथळा येथे पुन्हा आठवावा.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माणूस चुकला की वाचणाऱ्याचा दोष, यंत्र चुकले की कागदाचा, असे का? याचे उत्तर साधे आहे. यंत्राला मेमो देता येत नाही. त्याचा पगार कापता येत नाही, त्याला चार दिवस घरी बसविता येत नाही. शिक्षा करण्यास कोणी सापडत नाही, तेव्हा नाइलाजाने नजर कागदाकडे जाते, आणि गेली की दिसते, की दोष पहिल्यापासून तेथेच होता. शिक्षेची सोय होती म्हणून तो इतकी वर्षे झाकला गेला.

कामगारांनी मात्र कागदाकडे फार पूर्वीच बोट दाखविले होते. १९२८ सालच्या मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या संपात मालकांचे स्थायी आदेश, म्हणजे कामाचे छापील नियम, हा वादाचा एक विषय होता. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने त्यांची छाननी केली. पुढे १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. मंजूर झालेले आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ठळकपणे लावले पाहिजेत, असे त्यात होते. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पण ‘वाचणाऱ्याला समजेल अशा भाषेत’ हे तत्त्व आमच्या आधीच्या पिढ्यांनी झगडून कागदावर आणले, हे विसरू नये. आज यंत्रासाठी लिहिणारे लोक ज्या ठिकाणी आले आहेत, त्या ठिकाणाची मागणी कामगारांनी केव्हाच नोंदविली होती.

भट्टीची हकीकत आम्ही अर्धीच सांगितली आहे. निलंबनानंतर काही वर्षांनी त्या खात्यात आपोआप चालणारे दार बसविले. बसविणाऱ्या अभियंत्याने विचारले, ‘‘किती अंशांवर दार उघडायचं?’’ पाटीवर आकडा नव्हता, साहेबांजवळ नव्हता. शेवटी तळहात धरणाऱ्या त्या जुन्या कामगाराला बोलाविले. त्याने दोन रात्री उभे राहून ‘आत्ता’ म्हणून सांगितले, अभियंत्याने शेजारी तापमान मोजले, आणि तो आकडा यंत्रात घातला. तडे जाणे थांबले. बदली कामगाराचे चार दिवसांचे पैसे कोणी परत दिले नाहीत, आणि त्या आकड्याखाली जुन्या कामगाराचे नाव नाही. जो प्रश्न आम्ही चौकशीत विचारला होता, तोच यंत्रासाठी विचारला गेला तेव्हा त्याचे उत्तर दोन रात्रींत मिळाले.

आम्ही यंत्राच्या विरुद्ध बोलण्यास आलेलो नाही. एजंटासाठी लिहिलेले कागद स्पष्ट होत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. उद्या आपल्या बँकेचे, रुग्णालयाचे, वीजबिलाचे काम त्या कागदांवर चालणार आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जी काळजी यंत्रासाठी घेतली जाते ती माणसासाठीही घ्यावी, आणि ज्यांच्या हातांतून ते ज्ञान कागदावर येते त्यांचे नाव आणि मोल कागदाबरोबर राहावे. आपल्यापैकी कित्येकजण दुकाने, कारखाने, दवाखाने, शाळा चालवितात. त्यांना एक विनंती आहे. उद्या कामावर गेल्यावर आपल्या येथील एक पाटी काढून नव्या माणसाच्या हाती द्या आणि विचारा, हे वाचून तू काय करशील? त्याने चुकीचे सांगितले तर त्याला रागावू नका, पाटी पुन्हा लिहा. खाली तारीख घाला, तिच्यातली माहीत असलेली उणीव लिहा, आणि जबाबदार माणसाचे नाव घाला. चौकशीच्या खोलीतली आमची निम्मी कामे त्याने कमी होतील, आणि त्याबद्दल आमची तक्रार राहणार नाही.